पाच दात

यांच्या इंडिकात माझं एकच काम होतं.
गाडी उभी केली की हे आधी आरशात बघायचे,
मग मिशीवरनं हात, मग खिसा चाचपायचे,
आणि हँडब्रेक विसरायचे.
मी ओढायची.
कट्, कट्, कट्, कट्, कट्.
पाच.

सात रस्त्याच्या बाबूलाल मिस्त्रींनी सांगून ठेवलेलं,
पाचव्या दाताला धरला तर केबल बरोबर, भाभी.
सातव्याला गेला की सैल पडली समजा.
नवव्याला गेला तर चाकाखाली दगड ठेवा
आणि मला फोन करा,
रेवणसिद्धांना सांगत बसू नका.
म्हणून मी मोजायची.
गाणगापूरला, भाचीच्या साखरपुड्याला,
रात्री दीड वाजता सिव्हिलच्या दारात.

मे महिन्यात दांडा तापायचा,
अंगठ्याला बटणाचा चटका बसायचा.
शेजारच्या नरसय्या येमूलच्या मागावरनं
टॉवेलची काठाची पट्टी आणली,
मुठीला गुंडाळून दोऱ्यानं टाचली.
हिरवी. मधे एक धागा चुकलेला.
हे म्हणाले, ब्रेकला कुंची शिवलीस की!

त्याआधी हे एका गिरणीमालकाची ॲम्बेसेडर चालवायचे.
तिचा ब्रेक डॅशबोर्डखाली, ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी,
छत्रीच्या मुठीसारखा.
शेजारच्याचा हात तिथं पोचायचा नाही.
मालकीणबाई मागं बसायच्या,
त्यांचा तर प्रश्नच नव्हता.
कुणी कुठं बसायचं ते आधी ठरतं,
मग कुठं काय बसवायचं ते.

एकदाच दांडा वेगळ्या कामाला आला.
रेल्वेच्या पुलावरनं उतरताना यांचा पाय
ब्रेकवर गेला तो खालीच गेला, चिखलात जावा तसा.
यांनी माझं नाव घेतलं.
लग्नानंतर तिसऱ्यांदा.
मी बटण दाबून धरलं, दात अडकू दिले नाहीत,
थोडं थोडं ओढत आणलं,
दुधाखालचा गॅस बारीक करतात तसं.
चादरींच्या गठ्ठ्यांची हातगाडी पुढं वीतभर राहिली.
हातगाडीवाल्यानं मागं वळून बघितलंसुद्धा नाही.
गाडी थांबली, तरी मी आणखी एक दात ओढला.
उगाच.

हे गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी इंडिका भंगारात गेली.
पट्टी काढून घ्यायची राहिली.

बसवराजनं आता नवी आणलीय, होटगी रोडवरनं, हार घालून.
दांडा नाही.
उजवीकडं, स्टेअरिंगच्या पलीकडं, एक बटण,
गोलात इंग्रजी पी.
मधल्या जागेत बाटलीला एक खड्डा,
फोनला झोपायला गादी.
ब्रेक लागला की मागच्या चाकांशी बारीक घरघर होते,
मांजरानं झोपेत कूस बदलावी तेवढीच.

विसरलास तर, मी विचारलं.
विसरायला माणूस लागतो, अव्वा. ही आपली आपण लावते.
आणि बॅटरी गेली तर?
ते पुस्तकात दिलंय.
पुस्तक कुठाय?
डिकीत असेल की.

गाडी चांगलीय, खोटं कशाला बोलू.
चढावर तसूभर मागं सरकत नाही,
गारवा चांगला येतो,
माझ्या गुडघ्यांना पाय पसरायला जागा झाली.

काल त्याच पुलावर गर्दीत अडकलो.
पुढं उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या.
बसवराज फोनमधे.
गाडी थांबली आणि माझा हात गेला.
मुठीत बाटली आली.
मी आवळली, प्लॅस्टिक वाजलं,
कट्, कट्.

तहान लागली का, अव्वा?

हो म्हणाले.
झाकण उघडलं,
दोन घोट प्याले.